एकोणीस नंबरची दोन मिनिटं

एकोणीस नंबरच्या पुढे ‘मीठपाणी’ असं लिहिलेलं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी लखोटा फोडला, आतला कागद टेबलावर सपाट केला आणि यादी मोठ्याने वाचायला घेतली, तेव्हा मी बेसिनपाशी पिंजऱ्यांच्या बाटल्या भरत उभा होतो. सतरा, औषध. अठरा, औषध. एकोणीस, मीठपाणी. माझ्या हातातली बाटली भरून वाहायला लागली, पाणी कोटाच्या बाहीत शिरलं, कोपरापर्यंत गेलं, तरी मी नळ बंद केला नाही. “काका, पूर आणताय का?” बाई म्हणाल्या. मी नळ बंद केला आणि बाही पिळली. उजवी बाही. त्या बाहीचं आणि एकोणीस नंबरचं काय नातं आहे ते त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं, म्हणजे मला आणि एकोणीस नंबरला. पण उंदराला मांजर साक्ष म्हणतात तसली गत. आमच्या दोघांच्या साक्षीला कोण विचारतो?

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. बत्तीस पांढरे उंदीर. प्रत्येकाला एका पेटीत सोडून शिकवायचं, की भिंतीवरची दांडी दाबली की वर हिरवा दिवा लागतो आणि मानेजवळच्या बारीक नळीतून नशेचा एक थेंब अंगात जातो. झोप उडवणारी, भूक मारणारी, माणसाला दोन-दोन दिवस जागं ठेवणारी जी पूड बाहेर विकतात, तिचाच थेंब. हे शिकायला उंदराला चार दिवस पुरतात. मग एके सकाळी नशा बंद करायची. दांडी तीच, पण दाबून काही मिळत नाही, दिवाही लागत नाही. दाबून दाबून उंदीर कंटाळतात आणि दांडीकडे पाठ करून बसतात. महिनाभराने त्यातल्या सोळांना नवं औषध टोचायचं, सोळांना नुसतं मीठपाणी, आणि पेटीत सोडून तो हिरवा दिवा पुन्हा दाखवायचा. नशा नाही, नुसता दिवा. आणि कोण किती वेळा दांडीवर तुटून पडतो ते मोजायचं. ज्याचं धावणं कमी झालं त्याला औषध लागू पडलं असं बाई म्हणतात. कुणाला काय टोचलं हे खोलीत कुणालाच माहीत नसतं, बाईंनासुद्धा. बाटल्यांवर गोल किंवा त्रिकोण एवढंच. खरी यादी बाहेरच्या एका माणसाकडे, लखोट्यात. एकोणीस नंबरने त्या दिवशी फक्त चार वेळा दांडी दाबली होती. आठवडाभर मी मनातल्या मनात म्हणत होतो, गडी नशीबवान, त्याच्या वाट्याला औषध आलं. आणि निघालं मीठपाणी.

त्यातलं माझं काम हाताचं. आधी मी घड्याळं दुरुस्त करायचो. लोकांनी घड्याळं घालायचं सोडल्यावर दुकान बंद झालं, बोटांची स्थिरता तेवढी शिल्लक राहिली, ती इथे उपयोगी पडली. रोज सकाळी नऊ वाजता एक नंबरपासून सुरुवात करायची. उंदीर डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या हाताने पाठ कुरवाळायची, बरोबर दोन मिनिटं. टायमर वाजला की वजन, नळी साफ आहे ना ते पाहणं, वहीत ‘२ मि.’ अशी नोंद, आणि पुढचा. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, अंगाला कसला वास नको. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. “काका, हात लागणं हेही एक औषधच समजा,” बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “डोस सगळ्यांना सारखा पाहिजे.” अकरा वर्षं मी तो डोस सारखा दिला. बिनवासाचा साबण वापरायचा म्हणून घरचा साबणही बदलला, तेव्हा बायको म्हणाली, “उंदरांनी सांगितलं तर साबण बदलता. मी वीस वर्षं मिशी काढा म्हणतेय.” माझ्या नोकरीला ती डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो, सगळ्यात जास्त मुंगी.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. आता सव्वीस वर्षांची आहे, पण लहानपणी एका जागी बसायची नाही आणि हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून मुंगी. हुशार होती. होती कशाला, आहे. परीक्षेच्या वेळी कुणीतरी जागं राहायला गोळी दिली, मग नोकरीत रात्रपाळी आली, गोळीची पूड झाली, आणि हे सगळं आम्हाला कधी कळलं म्हणाल तर सगळ्यात शेवटी. बायकोला थोडं आधी कळलं असावं. मला कळलं त्या दुपारची गोष्ट सांगायची म्हणजे माझी मलाच लाज वाटते. नोकरी सोडून ती घरी येऊन राहिली होती. मी तिच्या खोलीवरून जात होतो, तर ही गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी नखाने उकरत होती. “काय गं?” तर म्हणाली, “कानातलं पडलंय, बाबा.” मीही गुडघ्यांवर बसलो. माझी जुनी चिमटी आणि भिंग घेऊन आलो. घड्याळातला मोहरीएवढा स्क्रू हरवला तरी मी शोधून काढायचो, कानातल्याची काय कथा! आम्ही बापलेक त्या फरशीवर अर्धा तास रांगत होतो. मी पलंग सरकवला, तिने गालिचा उलटा केला. मधेच तिने केस कानामागे सारले आणि मला दिसलं, निळ्या खड्याची दोन्ही कानातली जागच्या जागी होती. मी उठलो नाही. उलट कपाटाखाली हात घालून म्हणालो, “इथे बघितलंस का?” जोवर आम्ही कानातलं शोधत होतो, तोवर हरवलेलं कानातलंच होतं. उठलो असतो तर दुसरं काहीतरी हरवलेलं निघालं असतं. शेवटी तीच दमून भिंतीला टेकून बसली, हात थरथरत होते, आणि मी भिंग पुसून डबीत ठेवलं आणि चहा टाकायला गेलो.

सात आठवड्यांपूर्वी बायको तिला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आली. मी गेलो नाही. आज कामावर दांडी बंद करायचा दिवस आहे, मला सुट्टी नाही, असं म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. नेमका तोच दिवस होता. एकतीस उंदीर चौथ्या दिवसापर्यंत शहाणे झाले. एकोणीस नाही. तो त्या मेलेल्या दांडीवर दोन्ही पाय आपटत राहिला, एका तासात चारशे वेळा. पत्र्याची कड लागून नाक सोललं तरी थांबेना. मधेच थांबून वरच्या विझलेल्या दिव्याकडे बघायचा. उंदीर दिव्याकडे बघत नसतो, त्याला वास आणि आवाज कळतो, हे बाईंनी मला शिकवलंय. तरी मी सांगतो, तो बघत होता. पाचव्या दिवशी सकाळी त्याला हातात घेतलं तर अंगभर थरथर. माझ्या तळहातावर त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं, की दुकानात जुनी मनगटी घड्याळं कानाला लावायचो त्याची आठवण झाली. दोन मिनिटं झाली, टायमर वाजला. मी टायमर बंद केला आणि वहीत ‘२ मि.’ लिहिलं. पण उंदीर खाली ठेवला नाही.

तो आपणहून बाहीत शिरला. मी काही केलं नाही, एवढं मात्र शपथेवर सांगेन. कोटाची उजवी बाही जरा सैल होती, त्याने नाक आत घातलं, मग मान, आणि मग सगळाच आत सरकला, कोपराच्या खळग्यापर्यंत, आणि तिथे गोळा होऊन बसला. मी सगळ्या उंदरांचं आटपून खोलीच्या मागच्या बाजूला पोत्यांवर जाऊन बसलो आणि डाव्या हाताने डबा खाल्ला. हळूहळू थरथर कमी झाली. मग थांबली. मग माझ्या कोपरात साडेतीनशे ग्रॅम वजनाचं काहीतरी गाढ झोपलं. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं झाकण उघडताच तो कोपऱ्यातून उठून माझ्या हाताकडे चालत आला, धावत नाही, चालत. मुंगीला मी शेवटचं कधी जवळ घेतलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न करत होतो. दहावीचा निकाल? की त्याच्याही आधी, तिला ताप आला होता तेव्हा? आपल्याकडे मुलगी मोठी झाली की बाप हात आखडता घेतो, कुणी सांगत नाही, आपोआप होतं, आणि मग एक दिवस हात पुढे करायचा म्हटलं तर कोपर वळत नाही. उंदराच्या बाबतीत तसं काही नव्हतं. उंदीर मला ओळखत नव्हता, माझ्याकडून त्याची काही अपेक्षा नव्हती, मी त्याच्या फरशीवर खोटं कानातलं शोधलं नव्हतं. पस्तीस दिवस मी वहीत ‘२ मि.’ लिहिलं आणि पस्तीस दिवस तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत माझ्या बाहीत झोपला.

त्यातले पाच रविवार. रविवारची पाळी मी मागून घेतली होती. उंदरांना रविवारीही पोट असतं, कुणीतरी यावंच लागतं. बाईंना वाटलं काका भला माणूस, तरुण लोकांना सुट्टी मिळावी म्हणून स्वतः राबतोय. “मुलगी काय म्हणते?” त्यांनी एकदा विचारलं होतं. “मजेत,” मी म्हणालो, “दुसऱ्या शहरात नवी नोकरी लागलीय. रविवारीसुद्धा सोडत नाहीत.” रविवारी न सोडणारी नोकरी माझी होती. केंद्रात रविवारी अकरा ते एक घरच्यांना भेटू देतात. पहिल्या रविवारी मी गेलो होतो. लांबट खोली, प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग आणि तीन पेले. मुंगी समोर येऊन बसली. गाल आत गेलेले, डोळे सुजलेले, केस मागे घट्ट बांधलेले. बायको एकसारखी बोलत होती, शेजाऱ्यांचं, बाल्कनीतल्या झाडाचं. बोलता बोलता ती क्षणभर थांबली, आणि मुंगीने टेबलावरून हात पुढे केला. माझ्याकडे. बोटं अर्धवट उघडी. तो हात टेबलाच्या मध्यापर्यंत आला, आणि मी काय केलं असेल? मी जग उचलला आणि तिच्या पेल्यात पाणी ओतलं. काठोकाठ भरलं, एक थेंब सांडू न देता. बोटं स्थिर आहेत माझी. तिने हात मागे घेतला, पेला उचलला आणि पाणी प्यायली. सगळं. पुढच्या रविवारपासून बायको एकटी जाऊ लागली.

लखोटा फुटला त्या सोमवारपासून बाईंना झोप नव्हती. एका उंदराने असं करावं यात एवढं काय, असं मला आधी वाटलं. पण आमच्याकडे आकड्यांचा हिशोब करायला एक जण येतो, त्याच्या तोंडी सारखं सरासरी असतं म्हणून सगळे त्याला सरासरीच म्हणतात. त्याने कागदावर बोट आपटून सांगितलं, “औषधवाले सरासरी बावीस, मीठपाणीवाले अठ्ठावन्न. उत्तम. पण मीठपाणीवाल्यांत हा चार कुठून आला? मला तर वाटतं एक बाटली बदलली गेलीय.” आणि एक बाटली बदलली गेली असेल तर बाकीच्या एकतीसांची खात्री कोण देणार? सुया बाईंनी स्वतः टोचल्या होत्या. त्या दिवशी त्यांची आई दवाखान्यात होती, मधे दोन वेळा त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या, हे मलाही आठवत होतं आणि त्यांनाही. त्यांनी एकोणीस नंबरचे डोळे तपासले, कान तपासले, नळी तपासली, दांडीवर वजन ठेवून ती नीट दबते ना ते पुन्हा पाहिलं. मंगळवारी दुपारी मी बाटल्या धुवायला गेलो तर त्या रिकाम्या बाटल्या पुढ्यात मांडून बसल्या होत्या, गोल एकीकडे, त्रिकोण एकीकडे, आणि ओठातल्या ओठात म्हणत होत्या, “सोळा नंतर मी बाहेर गेले. की अठरा नंतर?” चोराच्या मनात चांदणं. मी तशाच न धुतलेल्या बाटल्या घेऊन परत फिरलो.

त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. काय सांगायचं? की अकरा वर्षं इमानाने काम केलेल्या माणसाने पस्तीस दिवस वहीत खोटं लिहिलं? नोकरी जाईल. गेली तर जाऊ दे, असं म्हणायला सोपं आहे, केंद्राचा खर्च त्याच नोकरीतून निघतो. आणि नोकरी ठेवली तरी लोक विचारणार, का? का म्हणून एकाच उंदराला? मग मुंगीचं सांगावं लागणार, मजेत असलेल्या, नवी नोकरी लागलेल्या मुंगीचं. न सांगावं तर बाई हा सगळा प्रयोग रद्द करणार. नवे बत्तीस उंदीर येणार, नव्या बत्तीस माना, नळ्या, दांड्या, आठ महिने. आणि ते औषध आठ महिने मागे पडणार, किंवा पैसे देणारे म्हणतील की पुरे झालं, सोडा नाद. ते औषध कुणासाठी होतं? माझ्यासमोर कुणाचं तोंड येत होतं ते मी सांगायला नको. बायको ताट उचलताना म्हणाली, “उंदीर चावला का?” “नाही.” “मग बोला की.” मी तिला बाहीचं सांगितलं. पहिल्यांदाच. ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं चिडेल, पोरीला सोडून उंदीर कुरवाळलात म्हणेल, आणि म्हणाली असती तर खरंच होतं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे जमतं तुम्हाला.” आणि ताट घेऊन आत गेली.

बुधवारी बाईंनी रद्द करण्याचा कागद भरून टेबलावर ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. मी जाऊन उभा राहिलो. “भुसा या वेळी जरा ओलसर आलाय,” मी म्हणालो. “बरं,” बाई म्हणाल्या. “आणि कोट नवीन मागवायला पाहिजेत. बाह्या सैल आहेत.” “काका, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? काय हवंय?” मी कोट काढला, उजवी बाही उलटी केली आणि त्यांच्यापुढे धरली. कोपराच्या जागी आतलं अस्तर कुरतडलेलं होतं, बारीक दातांनी, एका गोल तुकड्यापुरतं, झोपायला जागा करावी तसं. बाईंनी त्या भोकातून बोट घातलं. त्यांना दात ओळखायला सांगावे लागत नाहीत. “कोण?” “एकोणीस.” “किती वेळ?” “जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.” “रोज?” “रविवार धरून.” “वहीत दोन मिनिटं लिहिलंय.” “हो.” “पस्तीस वेळा लिहिलंय, काका! मी दोन दिवस आईजवळ बसूनही मनात बाटल्याच मोजतेय. माझंच डोकं फिरलं असं वाटायला लागलं होतं मला.” आवाज चढला नव्हता, पण त्यांची हनुवटी हलत होती. “का केलंत?” मी खाली बघत होतो. उलट्या बाहीतून अस्तराचे धागे लोंबत होते. मी म्हणालो, “मुलीला नोकरी लागलेली नाही. ती केंद्रात आहे. हेच.” आणि हेच म्हणताना मी हात कुठे नेला, तर त्या बत्तीस पिंजऱ्यांकडे.

बाईंनी कागद फाडला. मग वही ओढली, लाल पेन घेतलं, एकोणीस नंबरवर आडवी रेघ मारली आणि समोर कारण लिहिलं, ‘नियमाबाहेर हाताळणी’. खाली सही केली आणि वही माझ्याकडे फिरवली. मीही सही केली. “तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल,” त्या म्हणाल्या. “नोकरी जाऊ देणार नाही मी, पण उंदरांना आता हात लावायचा नाही. सोमवारपासून पिंजरे धुवायच्या खोलीत. आणि रविवारची पाळी बंद.” मी मान हलवली. जायला वळलो, पण पाय निघेना. “बाई, मग ते... माझ्या हातानेच झालं का?” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “एका उंदरावरून काहीच म्हणता येत नाही. कदाचित तो तसाच असेल. काही असतात तसे. चारशे वेळा दाबून त्याचं त्यालाच पुरे झालं असेल. खरं बघायचं तर वेगळा प्रयोग लागेल. बत्तीस उंदीर, आणि तुमच्यासारखे सोळा काका.” आणि त्यांना जरासं हसू आलं, मलाही. “आणि औषध?” “औषध चांगलं दिसतंय. उंदरांत. माणसांपर्यंत पोचायला दहा वर्षं, आणि दहातली नऊ औषधं वाटेतच पडतात.” दहा वर्षांनी मुंगी छत्तीस वर्षांची असेल. मी दाराशी पोचलो तेव्हा बाई कागदांतून डोकं वर न काढता म्हणाल्या, “शुक्रवारी संपतंय सगळ्यांचं. तोवर एकोणीस आता कुठल्याच आकड्यात नाही. त्याच्यापुरता दोन मिनिटांचा नियम नाही.”

तेव्हा बुधवारची उरलेली दुपार, गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ एकोणीस नंबर माझ्या बाहीत होता, सगळ्यांच्या देखत. सरासरी येऊन बघून गेला. “आकडा अगदी स्वच्छ झाला,” म्हणाला, आणि मग बाहीतून बाहेर आलेल्या शेपटीकडे बोट करून, “याला सोडून.” आमच्याकडे प्रयोग संपला की उंदीर संपतात, त्यांचे मेंदू पाहायचे असतात, खोडलेल्या उंदरालाही त्यातून सुटका नाही. घरी नेता येत नाही, मी विचारलं होतं. शुक्रवारी दुपारी मीच त्याला उचलून पलीकडच्या खोलीत नेलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात तो थरथरला असता. माझ्या हातात थरथरला नाही. त्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिने कोट पाहिला, अस्तर शिवू का म्हणाली, मी नको म्हणालो, आणि ती बरं म्हणाली.

रविवारी सकाळी मी मिशी काढली. का ते विचारू नका, काहीतरी करायला हवं होतं. बायकोने आरशातून एकदा पाहिलं आणि म्हणाली, “आता ती तुम्हाला ओळखायची नाही,” पण बसमध्ये पूर्ण वाटभर ती माझ्याकडे चोरून बघत होती. तीच लांबट खोली, तोच जग, तेच तीन पेले. मुंगी आली. गाल थोडे भरले होते. कानात काही नव्हतं, तिथे दागिने घालू देत नाहीत, नुसती दोन भोकं दिसत होती. मला बघून तिची पावलं अडखळली, मग ती येऊन समोर बसली आणि हात टेबलाखाली ठेवले. “मिशी कुठे गेली?” तिने आईला विचारलं, मला नाही. “उंदरांनी नेली,” बायको म्हणाली, आणि डॉक्टरांना काहीतरी विचारायचंय असं पुटपुटत उठून गेली. तिला काही विचारायचं नव्हतं.

आम्ही दोघं राहिलो. सांगायला मी पुष्कळ काही घोकून आलो होतो. कानातल्याचं सांगणार होतो, की मला दिसत होती दोन्ही. औषधाचं, दहा वर्षांचं सांगणार होतो. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. नवा उंदीर आला की पहिल्या दिवशी त्याला उचलायला जायचं नसतं. हात आत ठेवायचा, तळवा वर, आणि थांबायचं. तो आला तर आला. नाही आला तर उद्या. मी उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर, आणि सरकवत मध्यापर्यंत नेला. हात थरथरत होता. अकरा वर्षं उंदीर धरलेला, त्याआधी वीस वर्षं घड्याळं उघडलेला माझा हात, आणि नखापासून थरथरत होता. मुंगीने हाताकडे पाहिलं. मग जगाकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाबा, मला तहान नाहीये.”

“माहितीये,” मी म्हणालो.

“तेव्हाही नव्हती.”

“तेही माहितीये गं.” माझा आवाज फुटला. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, बघू देत. मी हात मागे घेतला नाही. आणि मग टेबलाखालून तिचा हात वर आला, नखं खाल्लेला, गार, आणि माझ्या तळव्यावर येऊन टेकला. मी बोटं मिटली नाहीत लगेच. थोड्या वेळाने मिटली. तिच्या मनगटात नाडी उडत होती, ती मला माझ्या अंगठ्याखाली कळत होती, आधी जोरात, मग जरा कमी. खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. एकदम मुंगी पुढे वाकली आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, “तुमचे ओठ हलतायत. मोजताय का?”

मी खरंच मोजत होतो. एकशे अकरापर्यंत आलो होतो, आणखी नऊ राहिले होते. “सवय,” मी म्हणालो.

“किती झाले?”

“चुकलो बघ.”

“मग पहिल्यापासून मोजा,” मुंगी म्हणाली, आणि तिने दुसराही हात टेबलावर ठेवला.